पंखा बंद होता म्हणून कळलं नाही

भूतबित असलं काही मी मानत नाही. मी इंजिनिअर, आणि आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, गावचे वायरमन. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला कारण असायचंच... एक तर फ्यूज उडालेला, नाही तर वायर तुटलेली. म्हणून हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय. तरी लिहिते.

गाव भोकरदनपासून आठ किलोमीटर. मे महिना, सकाळचे अकरा. एका बड्या टेक्नॉलॉजी कंपनीच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूची शेवटची फेरी. याआधी चौदा ठिकाणी नकार पचवलेला. मामांनी तोंडावर सांगितलं होतं, "ही नोकरी न्हाई लागली तर मंग मी आणलेलं स्थळ बघायचं. बस झालं ते कॉम्प्युटर." आप्पा तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून घरात मामांचाच शब्द चालतो. जीव नुसता टांगणीला लागला होता.

लॅपटॉप जुना. बॅटरी फुगली म्हणून दुकानदारानं काढूनच टाकलेली — चार्जर लावला तरच चालतो, वायर हलली की बंद! इंटरनेट मोबाईलचं. मी दहावीत असताना आप्पांनी टेबलाशेजारी स्वतः बोर्ड बसवला होता, त्यालाच चार्जर लावला. माईकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद केला, दार लावून घेतलं. आई ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर गेली.

पंचावन्न मिनिटं चालला इंटरव्ह्यू. कोड लिहिला, चुकला, परत लिहिला. घामानं ओढणी भिजली. शेवटी समोरचे सर "थँक यू" म्हणाले, कॉल संपला... आणि स्क्रीन एकदम काळी.

दार उघडलं तर आई बाहेर खिडकीशी उभी. डबा तसाच कमरेवर, डोळ्यांत पाणी.

"दळलं न्हाई?"

"गिरणी बंद हाय. लाईट गेलीय."

"कधी?"

"तू बोलायला लागली तवाच. तवापासून मी इथंच उभी हाय. आवाज न्हाई केला माय... म्हणलं, बोलले तर बंद पडंल."

मी आत जाऊन पंख्याचं बटण दाबलं. ढिम्म. गिरणीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "अकरा-पाचला गेली, साऱ्या गावाची." ती आली दुपारी तीनला! इन्व्हर्टर आमच्याकडे नाही, कधीच नव्हता. दुसऱ्या दिवशी भोकरदनला जाऊन लॅपटॉप उघडून घेतला. बॅटरीची जागा रिकामीच. दुकानदार हसला, "ताई, टेन्शनमध्ये होतात असे भास." असेल बाबा. पण आईला कोणता कोड लिहायचा होता?

पुढचे आठ दिवस मी हवेत होते. एवढं अघटित घडलं म्हणजे नोकरी माझीच, असं अगदी धरूनच चालले होते. नवव्या दिवशी मेल आला. खेद वाटतो, पुढील वाटचालीस शुभेच्छा, वगैरे. डोकं फिरलं माझं. त्या बोर्डासमोर उभी राहून मी ओरडले, "आप्पा, एवढं केलं तर पुढचं का न्हाई केलं?"

आईनं मला जवळ घेतलं. म्हणाली, "त्यांच्या हातात लाईट होती बाई. नोकरी कुठं होती?"

खूप रडलो दोघी.

लॅपटॉप कसा चालला, मला आजही माहीत नाही. कुणा जाणकाराला ठाऊक असेल तर खाली लिहा, मी भांडणार नाही. रविवारी मामा पाहुणे घेऊन येतायत. काल मी आणखी एका कंपनीचा फॉर्म भरला, त्याच बोर्डाला चार्जर लावून.