मेंढ्यांसाठी तुडवलेली वाट

ऑकलंडमधलं माउंट रॉस्किलचं भाड्याचं घर सोडून आम्ही दोघं साउथ आयलंडला आलो ते माझ्या नोकरीमुळे. टिमारूपासून तासाभर आत, डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान गावाला फार्मासिस्ट हवी होती. नवरा सॉफ्टवेअरमधला. तो म्हणाला, "चल, वर्षभर बघू तरी." गावाबाहेर एक जुनं शेतघर मिळालं. घरमालक पलीकडच्या टेकडीखाली राहायचे. सत्तरीचे, एकटे, मेंढ्या पाळणारे आणि जेमतेम बोलणारे.

त्या वर्षी सोलापूरच्या उन्हाळ्याला कंटाळून सासूबाई आमच्याकडे आल्या, त्या थेट इथल्या हिवाळ्यात. जूनमधल्या एका दुपारी मालक ट्रॅक्टर घेऊन दारात आले. ट्रॉलीत लाकडं होती.

"स्नो येतोय. ढिगानं," ते म्हणाले. "वीज जाईल. वीज गेली की पाण्याचा पंपही बंद. बाथटब भरून ठेवा."

मी आईंना मराठीत सांगितलं. त्यांनी पदर खोचला.

"पाणी भरायचं मला शिकवतायत होय? सोलापुरात चार-चार दिवसांनी नळ येतो, म्हणावं!"

नवरा आणि मी व्हरांड्यात लाकडं रचत होतो तोवर आईंनी बाथटब भरला, बादल्या भरल्या, पातेली, कुकर, थर्मास, फुलदाणीसुद्धा भरली. मला चहाला कोरडा कप सापडेना. मालकांनी दारातूनच ती भांड्यांची रांग पाहिली आणि टोपी काढून म्हणाले, "ही बाई इथलीच दिसते."

सकाळी जाग आली तेव्हा खोलीत अजून अंधारच होता. खिडक्यांच्या काचा निम्म्याहून वर बर्फानं झाकल्या होत्या. मागचं दार उघडलं तर समोर कंबरेइतकी पांढरी भिंत, तिच्यावर दाराच्या मुठीचा ठसा. कुठे आवाज नाही. आमची गाडी होती तिथे एक गोल उंचवटा दिसत होता. आई माझ्या खांद्यावरून डोकावल्या, बोटानं थोडा बर्फ उचलून जिभेवर ठेवला आणि निराश होऊन म्हणाल्या, "अगं, याला काहीच चव नाही!"

वीज गेली होती, रस्ता बंद होता, औषधांचं दुकान उघडायचा प्रश्नच नव्हता. हॉलमधल्या लाकडं जाळायच्या बंदिस्त शेगडीवर आईंनी कुकर चढवला. आम्ही तिघंही हॉलमध्येच गाद्या टाकून झोपायचो, दिवसभर पत्ते कुटायचो आणि आईंच्या तोंडून माझ्या नवऱ्याच्या लहानपणीच्या फजित्या ऐकायचो. त्या घरात याआधी कधी इतकं हसलो नव्हतो आम्ही.

बर्फ थांबल्यावर मालक पायी आले. मिशांवर बर्फ साचलेला. कधी आत न येणारे ते गृहस्थ शेगडीसमोर बसले आणि म्हणाले, "वरच्या पॅडॉकमध्ये, कुंपणाच्या कुरणात, माझ्या मेंढ्या अडकल्यात. गाभण आहेत. ट्रॅक्टर चढत नाही आणि माझा मुलगा बंद रस्त्याच्या पलीकडे अडकलाय. मला पाय हवेत."

"पाय?" नवऱ्याला कळेना.

"वाट तुडवायला. मेंढी खोल बर्फात पाऊल टाकत नाही, जागच्या जागी उभी राहून मरते. वाट दिसली की चालते."

आम्ही दोघं लगेच उठलो. आईंनी विचारलं, "काय म्हणतायत?" मी सांगितलं. त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या आपल्या मुलाची पँट घालून! जन्मात पहिल्यांदा. वर तीन स्वेटर, कमरेला नाडा बांधलेला.

"आई, तुम्ही नका येऊ."

"का? मला पाय नाहीत?"

गमबूट घालून आम्ही निघालो. मालकांनी कोठारामागून एका जुन्या मोटारीचं बॉनेट काढलं, घसरगाडीसारखं उलटं टाकलं, त्यावर गवताच्या पेंढ्या बांधल्या आणि दोरी नवऱ्याच्या खांद्यावर दिली. पुढे मालक, मागे मी, मग आई. एकानं बर्फ फोडायचा, दुसऱ्यानं दाबायचा, तिसऱ्यानं चोपून घट्ट करायचा. थोडं गेलं की पुढचा थकून मागे यायचा. माझ्या मांड्या भरून आल्या. श्वासाची वाफ चेहऱ्यावरच गोठत होती. आई मात्र अंगणात शेणाची जमीन चोपावी तशा पाय आपटत होत्या आणि मुलाला दरडावत होत्या, "अरे, दोरी ढिली सोडू नकोस!"

वर पोचलो तेव्हा मेंढ्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. पाठींवर बर्फाचे थर. भुकेनं त्यांनी एकमेकींची लोकर चावली होती. काही आडव्या पडल्या होत्या, त्या उठल्या नाहीत. मालकांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि गवत आमच्या वाटेच्या तोंडाशी पसरलं.

बराच वेळ एकही हलेना. मग काळ्या तोंडाची एक पुढे आली, गवत हुंगलं, वाटेवर एक खूर ठेवला, दाबून पाहिला. दुसरा ठेवला. आणि चालू लागली. तिच्या मागे दुसरी, मग तिसरी, आणि सगळा कळप एकेरी ओळीनं टेकडी उतरू लागला, आम्ही तुडवलेल्या वाटेच्या प्रत्येक वळणानं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा वेड्यासारखा टाळ्या वाजवायला लागला तेव्हा मालक ओरडले, "शांत! घाबरतील!" पण ते स्वतःच हसत होते.

मेंढ्या खाली गेल्या. रिकामं बॉनेट तेवढं उरलं. मालकांनी त्याच्याकडे बोट दाखवलं, मग आईंकडे पाहिलं. मी नको म्हणेपर्यंत आई दोरी धरून त्यात बसल्यासुद्धा होत्या. मालकांनी हलकेच ढकललं. आई टेकडीवरून सुसाट गेल्या, "अगं आई गंऽऽ" अशी आरोळी सगळ्या दरीत घुमली, आणि खालच्या मऊ ढिगाऱ्यात बॉनेट उलटलं. आम्ही धडपडत पोचलो तर त्या उताण्या पडून हसत होत्या. हसणं थांबेना म्हणून उठता येत नव्हतं.

"परत," त्या मालकांना म्हणाल्या. हा शब्द मालकांना भाषांतर करून सांगावा लागला नाही.

वसंतात कोकरं झाली. आई तोवर सोलापूरला परतल्या होत्या. मालकांनी मला हाक मारून कुंपणाशी नेलं आणि आईंना फोन लावायला लावला. फोनमधून आईंचा आवाज त्यांनाही ऐकू येईल इतका मोठा होता.

"त्या काळ्या तोंडाच्या मेंढीला काय झालं?"

"जुळी," मी म्हणाले.

"दोन्ही नीट आहेत?"

मी फोन कोकरांच्या तोंडाजवळ धरला.