कोरा रकाना

धुळे-शिंदखेडा गाडीत ती रोज माझ्या शेजारी बसायची. बी.एड.ची विद्यार्थिनी, सराव पाठ घ्यायला निघालेली. नाव मी कधी विचारलं नाही. मोबाइलला विषय सांगितला की तो मिनिटभरात अख्खा पाठ लिहून द्यायचा. ती तो टाचणवहीत उतरवायची, पण ‘विद्यार्थ्यांची उत्तरं’ हा रकाना मात्र हट्टानं कोरा ठेवायची.

मी निवृत्त मास्तर. एकदा राहवलं नाही. म्हटलं, “ताई, कोरा रकाना बघून तुमचे सर गुण कापतील.”

“कापू द्या, आबा. मोबाइलनं बठ्ठी, सगळीच्या सगळी उत्तरं दिलीत. पण वर्गातली पोरं अजून बोललीच नाहीत!”

त्या दिवशी परतीच्या गाडीतही ती भेटली. तिनं दाखवलेल्या वहीत लाल शाईनं गुण खरंच कापलेले होते. रकाना मात्र आता भरला होता. ओल्या कपड्यातलं पाणी कुठे गेलं, या प्रश्नापुढे एका पोराचं उत्तर त्याच्याच बोलीत लिहिलेलं होतं : ‘ऊन पी गयं.’ खाली तिनं लिहिलं होतं, ‘उद्या इथूनच सुरू करायचं.’

तीस वर्षं मी पोरांची उत्तरं घरूनच लिहून नेली होती.