टेलर सरांचं आडनाव

जूनमध्ये नवा वर्ग आला की आमचे इंग्रजीचे सर फळ्यावर स्वतःचं आडनाव लिहीत, टेलर, आणि सांगत, "मी कपडे शिवत न्हाई. मला शर्टाचं बटनबी लावता येत न्हाई." पोरं हसून झाली की त्या नावाची गोष्ट सुरू होई. इंग्लंडात कपडे बेतणाऱ्याला हे नाव पडलं. शब्द मूळचा फ्रेंचांकडचा, अर्थ 'कापणारा'. मग जहाजांतून ते अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला गेलं. मळ्यांवरच्या काही गुलामांनाही मालकामुळे तेच लागलं.

"आन् जालन्याला कसं आलं, सर?"

सर जरा ताठ होत. "छावणीत टेलर नावाचा गोरा साहेब होता. माझ्या पणजोबांच्या बाप्तिस्म्याला त्यानं आपलं नाव देलं."

पुढे मी त्याच शाळेत मराठी शिकवायला लागलो. एकदा धावडा गावचा एक शेतकरी, टेलर शाळेत भेटतो असं कुणीतरी सांगितल्यामुळे, पँटचं कापड घेऊन थेट शाळेत आला. शिपाई खो खो हसला. सरांनी मात्र त्याला चहा पाजला आणि स्वतः शिंप्याच्या दुकानापर्यंत सोडून आले. "इतक्या लांबून आल्ता. त्याचं काय चुकलं?"

सरांची एकुलती एक मुलगी सुनीता. नोकरीच्या मुलाखतीत तिला एकानं विचारलं, "गोऱ्याचं नाव अजून मिरवता?" ती घरी आली आणि म्हणाली, "पप्पा, उसनं नाव मला नको. मी बदलून राह्यले." सर भांडले नाहीत. "एक महिना थांब," एवढंच म्हणाले.

त्या महिन्यात ते मला घेऊन जुन्या चर्चमध्ये गेले. साहेबाची नोंद सापडली तर मुलीला दाखवायची होती. पाद्र्यांनी जीर्ण वह्या काढून दिल्या. पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीत नुसतं 'याकोब' होतं आणि पुढे काम लिहिलेलं, पलटणीचा शिंपी. नंतर त्यांच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या पानावर बापाचं नाव 'याकोब टेलर'. लिहिणाऱ्यानं धंद्याचंच आडनाव करून टाकलं होतं. साहेब कुठेच नव्हता.

सर बाकावर बसून राहिले. जन्मभर सांगितलेली गोष्ट खोटी निघाली होती. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे हे कुणी देलेलं न्हाई. सुईवर कमावलेलं हाय."

घरी त्यांनी सुनीताला सगळं सांगितलं. "आता बदलायचं तं खुशाल बदल. मला वाईट वाटणार न्हाई."

ती म्हणाली, "साहेबाची गोष्ट मला पाठ होती, पप्पा. तुमच्या पणजोबांचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं."

"माझंच चुकलं," सर म्हणाले. "मी साहेबाचंच सांगत राह्यलो."

सुनीतानं अर्ज केला नाही. गेल्या वर्षी सर वारले. कबरीच्या दगडावर त्यांच्या नावाखाली तिनं एक ओळ जास्तीची कोरून घेतली: याकोब शिंपी यांचे पणतू.