अन्सारभाईंनी बाद केलेली काच

अन्सारभाई काच उजेडाकडं धरायचे आणि एक डोळा मिटायचे. वाळूजच्या कॅमेरे बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात तेवढ्यावर निकाल लागायचा. पिवळसर झाक दिसली की काच बाद. हे वळण त्यांना गुलमंडीतल्या चष्म्याच्या दुकानात, उस्तादांच्या टपल्या खाऊन लागलं होतं. मालक व्यंकटराव म्हणायचे, "काच तुमची, अन्सारभाई. बाकी कटकट माझी."

मग मोठं काम आलं. दवाखान्याचं सामान किरणोत्सर्गानं निर्जंतुक करणाऱ्या एका प्लांटला कॅमेरा हवा होता. जिथं माणूस जिवंत राहणार नाही, त्या बंद खोलीतून बाहेर चित्र पाठवणारा. जमलं तर कारखाना तगणार होता. नाहीतर टाळं.

त्यासाठीची भिंगं व्यंकटरावांनी बाहेरून मागवली होती. अन्सारभाईंनी एकेक उजेडाकडं धरलं. सगळीच पिवळसर.

"सायब को फसाया किसी ने," घरी जेवताना ते बायकोला, जहांआराला म्हणाले. "पिली काचां भेजा."

"तो बोलो ना उनको."

"क्या बोलना? काचां का काम मेरा है."

त्यांनी कपाटातली जपून ठेवलेली काच काढली. घासली, पॉलिश केली. पाण्यासारखी नितळ. तीच कॅमेऱ्यात बसवली. त्या रात्री ते गाढ झोपले.

कॅमेरा आत गेला. आधी चित्र लख्ख होतं. मग दिवस मावळावा तसं काळवंडत गेलं. कॅमेरा परत आला, तेव्हा व्यंकटरावांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. कोऱ्या चहाच्या रंगाचं.

"साधी काच किरणांनी अशी करपते," ते म्हणाले. "ती पिवळी मुद्दाम तशी बनवलेली होती. तीच आत टिकते. तुम्हाला सांगायचं राहिलं."

"मी इचारायला पायजे होतं, सायब."

व्यंकटराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. काम गेलं आणि मागोमाग कारखानाही.

आता अन्सारभाई पडेगावात घराच्या ओट्यावर बसून असतात. परवा शेजारच्या सुरेखाताई नवा चष्मा घेऊन आल्या. "भाई, काच चांगली दिलीय का बघा बरं. लई पैसे घेतले मेल्यानं."

त्यांनी चष्मा घेतला. हात सवयीनं उजेडाकडं उचलला, अर्ध्यातच थांबला. चष्मा तसाच त्यांनी परत दिला.

"दुसऱ्या दुकानात दाखवा, ताई. मला काचेतलं नाय कळत."

"चेष्टा करता व्हय भाई!" सुरेखाताई हसल्या.

दारात जहांआरा उभी होती. ती हसली नाही.