पहिला मोबाईल बहिणीचा

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझी मान खाली जाते. आरोपी सापडला, गुन्हा शाबीत झाला, वरिष्ठांनी शाबासकी दिली. तरीही ती फाईल मिटताना मला बरं वाटलं नाही.

मी जालना शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका दुपारी एक कापड व्यापारी मुलीला घेऊन आले. घराणं मूळचं राजस्थानचं, पण कैक पिढ्या इथलंच.

"साहेब, बात घरातली आहे. नाव कुठं यायला नको," ते म्हणाले.

मुलीचं लग्न ठरलेलं होतं. कोणीतरी तिचं सोशल मीडियावरचं खातं उघडून मैत्रिणींशी झालेलं खाजगी बोलणं वाचलं होतं आणि आता तो धमक्या पाठवत होता. आमच्या महिला उपनिरीक्षकांनी वडिलांना बाहेर बसवलं, तेव्हा कुठे तिने मोबाईल पुढे केला. पैशांची मागणी कुठेच नव्हती. 'उद्या क्लासला जायचं नाही.' 'ओढणी नीट घेत जा.' 'ऐकलं नाहीस तर सगळं सासरी पाठवीन.'

"आणि तू ऐकत गेलीस?" मी विचारलं.

"हो. दोन महिने क्लासला गेले नाही. घरी सांगितलं, डोकं दुखतं."

चौकशीत अशाच आणखी तिघी निघाल्या. सायबर सेलने बराच प्रयत्न केला, पण पठ्ठ्या दर वेळी दुसऱ्याच नंबराआड लपत होता. माग लागेना. सराईत घरफोड्यासुद्धा आधी शेजारच्या परसातली कोंबडी उचलतो, हे मी नोकरीभर पाहिलं होतं. म्हणून त्या व्यापाऱ्याच्या मुलीला मी पुन्हा बोलावलं. म्हटलं, आत्ताचं सोड, फार आधी कधी काही झालं होतं का? अगदी क्षुल्लक?

ती ओशाळून म्हणाली, "कॉलेजात असताना एकदा माझ्या खात्यावरचा माझा फोटो काढून तिथं म्हशीचा लावला होता कोणीतरी. एका शिंगाची म्हैस. ती मी ओळखली. माझ्या मैत्रिणीच्या घरची, हसनाबादची. मला वाटलं, तिनंच मस्करी केली."

ती मैत्रीण लग्न होऊन अंबडला राहत होती. आम्ही साध्या कपड्यांत गेलो. म्हशीचं नाव काढताच तिने आधी घराचं दार लोटून घेतलं.

"माझा बारका भाऊ," ती म्हणाली. "साहेब, माझ्यापासूनच सुरू झालं ते. वडलांनीच सांगितलं त्याला, हिचा मोबाईल उघड म्हणून. त्यानं उघडला. वर्गातल्या एका पोरानं नोट्स पाठवल्या होत्या, दोन-चार गोष्टी बोलल्तो आम्ही. बस. कॉलेज बंद झालं माझं."

"भावाला कोणी रागावलं नाही?"

"रागावतंय कोण? पाव्हण्यारावळ्यांत सांगत फिरले, पोरगं लई हुशार हाय म्हणून."

भाऊ आता जालन्यात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होता. त्याला ताब्यात घेतलं, पंचांसमक्ष लॅपटॉप जप्त केला. सुरुवातीला तो काहीच कबूल करेना. अशा माणसांना मारहाणीची भीती नसते. त्यांना कौतुकाची भूक असते, ती ओळखावी लागते. मी चहा मागवला आणि एवढंच म्हणालो, "म्हशीचं काम कच्चं होतं तुझं."

तो हसला. मग बोलत सुटला. बहिणीच्या मोबाईलवरून तिच्या मैत्रिणींच्या खात्यांत शिरला, ती निव्वळ गंमत. पुढे दोन वर्षं कोणाला काही न कळवता नुसता वाचत राहिला. नातेवाईक आपापल्या मुलींचे मोबाईल घेऊन येत, तेही उघडून देई. मग दुकानात दुरुस्तीला येणारे अनोळखी मोबाईल. आणि शेवटी हुकूम सोडणं.

"क्लासला जाऊ नको, हे तू का सांगायचास?" मी विचारलं.

"तसंच सांगतेत ना साहेब घरी," तो म्हणाला. "काका सांगायचे पोरीला, वडील सांगायचे. म्या उघडून द्यायचो अन् ते सांगायचे. मंग वाटलं, आपणच सांगून बघू. बराबर ऐकायच्या."

त्याच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता. मला मात्र त्याच्याकडे बघवेना. त्याला परत कोठडीत नेताना माझ्याच ठाण्यातला एक हवालदार, दोन मुलींचा बाप, त्याला हळूच विचारत होता, "पोरीचा फोन तिला न कळता बघता येतो का रे?" मी त्या हवालदाराची ड्युटी बदलली. त्याला झापायला मात्र माझी जीभ उचलेना. त्याने विचारलं, एवढंच. मनात किती जणांच्या होतं, कोण जाणे.

पुढे जबाबासाठी हसनाबादहून वडील आले. अंबडहून बहीणही आली. सख्ख्या भावाविरुद्ध जबाब द्यायला ती तयार झाली होती. दोघे एकाच बाकावर बसले, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. वडिलांनी काहीही लपवलं नाही.

"म्याच सांगितलं होतं त्याला. पोरगी फोनवर हसत ऱ्हायची म्हणून," ते म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. मुलीकडे न बघता ते म्हणाले, "तुहं शेवटचं वर्ष हुतं न्हाई का गं तवा?"

"दुसरं होतं," ती म्हणाली. "शेवटच्याला जाऊ दिलं कुठं तुम्ही?"

मग सही कुठं करायची, ते तिने मला विचारलं.

गुन्हेगार कसा घडत जातो, यावर मी नव्या अधिकाऱ्यांपुढे पुष्कळ व्याख्यानं दिली आहेत. या पोराच्या पहिल्या गुन्ह्याला घरच्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, हेही त्यात सांगतो. निवृत्तीनंतरही ओळखीचे बाप येतात. मुलीच्या मोबाईलवर नजर ठेवायचा काही उपाय आहे का, विचारतात. मी त्यांना बसवतो आणि विचारतो, मुलगी कितव्या वर्षाला आहे, विषय कोणते घेतलेत? बरेच जण घुटमळतात. मग मी म्हणतो, आधी घरी जाऊन तिला एवढं विचारून या.