तारीखवाली ताई

माणसाला रक्त लागलं तर ते दुसऱ्या माणसानेच द्यावं, कारखान्याने नव्हे, अशी तजवीज त्या जगन्नियंत्याने करून ठेवली आहे. या तजविजीची ज्यांनी पंचवीस वर्षे सेवा केली, त्या आमच्या रक्तपेढीतल्या ताईंची ही हकीकत.

ताईंची सकाळची पूजा शीतकपाटापुढे. जुन्या पिशव्या पुढे ओढायच्या, नव्या मागे सारायच्या. पिशवीचं आयुष्य पस्तीस दिवस; आणि एकदा दिलेल्याला पुन्हा द्यायला तीन महिने. हे दोन आकडे त्यांच्या ओठी नामासारखे वसले होते. कारण दर तीन आठवड्यांनी, गुरुवारी, शिंप्याची नऊ वर्षांची लेक येई. तिच्या अंगात पुरेसं रक्त बनतच नाही. इथली पिशवी हेच तिचं औषध.

एकदा वळणावर बस उलटली. तासाभरात पेढीच्या दारात दीडशे माणसं, बाह्या सरसावून! जखमींना लागणारं रक्त कपाटात आधीपासून होतंच. ते पोहोचलंही होतं. ताईंनी चाळीस जणांचं घेतलं आणि बाकीच्यांना गट विचारून पुढल्या तारखांच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या.

पाववाला भडकला. "अहो, माणसं मरतायत आणि तुम्ही तारीख देता? हे काय कोर्ट आहे?"

"दादा, आज सगळ्यांचं घेतलं, तर पस्तीस दिवसांनी निम्मं फेकायचं. आणि तेव्हा तुमच्याकडे मागायला आले, तर तुमचे तीन महिने भरलेले नसणार."

"म्हणजे माझं रक्त शिळं होणार?"

"शिळ्याचं दुःख पाववाल्याला मी काय सांगू?"

गर्दी हसली. पाववाल्याने चिठ्ठी खिशात कोंबली. "हाकललंत मला! लक्षात ठेवीन!"

डॉक्टरसाहेब हळूच म्हणाले, "ताई, आज उसळलेली दया महिनाभर टिकेल का?"

"ज्याने दिली, तोच टिकवील."

पाचवा आठवडा लागला. शाळांना सुट्या, गाव पांगलेलं, शिबिरं बंद. मुलीच्या गटाची शेवटची पिशवी सोमवारी एका बाळंतिणीला गेली, आणि योग्यच गेली. शेजारच्या पेढ्यांनीही हात वर केले. गुरुवार तोंडावर; तपासणीला एक दिवस हवा. म्हणजे मंगळवारीच कोणीतरी द्यायला हवं. मंगळवारच्या अकरा चिठ्ठ्यांत त्या गटाचा माणूस एकच. कोण? तोच, हाकललेला!

मंगळवारी दुपारपर्यंत चौघे आले, गट निराळे. शिंपी दारातून डोकावला. "ताई, परवा आणू ना हिला?"

"आणा," ताई म्हणाल्या, आणि कपाटाचं दार धरून उभ्या राहिल्या. देवा, दारी आलेलं दान मी परतवून लावलं. ती तुझी सेवा होती, की माझा ताठा?

एक वाजला. दारात कोपरापर्यंत पीठ माखलेला पाववाला!

"भट्टी निवल्याशिवाय निघता येत नाही हो. चिठ्ठी भट्टीवरच चिकटवली होती. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतंय, 'काय शेठ, गेलात का?' आणि बायको म्हणते, दूध आणायचं ध्यानात राहत नाही, रक्ताची तारीख बरी राहिली!"

ताईंनी कपाटाचं दार सोडलं. त्यांनी खुर्ची पुढे केली. "आधी हात धुवा, दादा."

रक्त दिल्यावर त्याने पेढीचं बिस्कीट चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "हे खायला घालता? शरम आहे का काही? परवा माझी आणतो."

गुरुवारी तो खरंच डबा घेऊन आला. मुलगी खाटेवर होती. पिशवीतून थेंब थेंब उतरत होता. गालांवर रंग चढत होता, आणि रंगासोबत जीभही.

"काका, हे फार कडक आहे."

"चहात बुडव, महाराणी!"

देणाऱ्याला ठाऊक नाही, घेणारीला ठाऊक नाही. कोणाचं कोणाला, हे सांगायचं नसतं. ते ताईंना ठाऊक, आणि त्या वरच्याला. ताई पाठ फिरवून जुन्या पिशव्या पुढे ओढत राहिल्या.

"ताई, माझी पुढली तारीख?"

त्यांनी लिहून दिली. पाववाल्याने वाचली. "तीन महिने? पुन्हा हाकललंत!"

"हो," ताई म्हणाल्या. "भट्टीवर चिकटवा."