चौकोनांतली मराठी

गडचिरोलीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना माझ्याकडे पहिला स्मार्टफोन आला. मामाने नवा घेतला आणि त्याचा जुना मला दिला. काचेवर बोट फिरवलं की पडदा सरकतो, हे पाहायला होस्टेलच्या मुली माझ्या कॉटभोवती जमायच्या. या फोनला मराठी वाचता येत नाही, हे मला आठवडाभराने कळलं.

कळलं ते बाबांच्या मेसेजमुळे. आमचं गाव कुरखेड्याच्या पुढे. गावात रेंज नव्हती. बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीवर उभं राहिलं तर एखादी काडी यायची. कॉल लागायचा आणि लगेच तुटायचा, मेसेज मात्र जायचा. म्हणून बाबा धानाच्या बांधीतून परतताना तिथे थांबत आणि आपल्या बटनांच्या फोनवर मला मराठीत लिहीत. त्यांच्या साध्या फोनला मराठी नीट यायची. माझ्या फोनवर उमटायचे ते रिकामे चौकोन, एकाला एक चिकटलेले, मध्येच एखादा पूर्णविराम.

हे मी त्यांना सांगितलं नाही. मी फोनचं इतकं कौतुक करून बसले होते की आता त्याला आपली भाषाच येत नाही म्हणायची लाज वाटली. बाजाराच्या दिवशी ते कुरखेड्याहून कॉल करायचे.

"मेसेज भेटला ना, बाई?"

"भेटला, बाबा."

"बरं."

तेवढ्यावर भागायचं. मला वाटायचं, मेसेजमध्ये असून असून काय असणार.

उन्हाळ्याच्या तोंडावर माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती. दिवसभर फोन पेटीत बंद होता. संध्याकाळी परतले तर चौकीदाराने एक पिशवी पुढे केली. "तुये बाबा येऊन गेले. लय वेळ थांबले." पिशवीत टेंभरं होती. तेंदूच्या पिकलेल्या फळांना आमच्याकडे टेंभरंच म्हणतात. वरची शाबूत होती, खालची दबून त्यांचा गर पिशवीला लागला होता. चौकीदार म्हणाला, ते आधी ष्टँडवर बारापासून बसले होते, मग इथे आले आणि शेवटी चारच्या एसटीने परत गेले. फोनमध्ये त्यांचे पाच मिस्ड कॉल होते. आदल्या दिवशीचा मेसेजही होता, दोन ओळींचे चौकोन.

बाजाराच्या दिवशी कॉल आला. आवाजात राग नव्हता.

"म्या लिहलं होतं ना, बारा वाजता ष्टँडवर ये म्हणून. वाचला नाई का?"

"वाचला होता, बाबा," मी म्हणाले. "विसरून गेले."

ते म्हणाले, "परीक्षा होती ना. होते असं." आणि ऊन किती तापलंय, विहिरीचं पाणी कसं खाली गेलंय, असलं काहीतरी सांगत राहिले. खोटं बोलले याचं वाईट वाटलंच. पण मी त्यांना विसरले, असं त्यांना वाटावं आणि ते मीच त्यांच्या तोंडावर सांगावं, याने मी त्या रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी सायबर कॅफेत बसू लागले. जगात कुठे कुठे बसलेली माणसं अशा फोनांची चिरफाड करून इंग्रजीत लिहून ठेवायची. फोन रूट करायचा, म्हणजे कंपनीने लावलेलं कुलूप तोडून आपण त्याचे मालक व्हायचं. मग आतल्या फॉन्टच्या जागी देवनागरीचा फॉन्ट टाकायचा. प्रत्येक लेखाच्या वर ताकीद असायची: फोन मेला तर आम्ही जबाबदार नाही. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. कॅफेवाला मात्र आपल्या कॉम्प्युटरला केबल लावू देईना.

ष्टँडजवळ घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. मेमरी कार्डात गाणी भरून द्यायला त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला होता. माझी वही त्यांनी डोळ्याला लावायच्या भिंगातून वाचल्यासारखी पानापानाने पाहिली. इंग्रजी त्यांना जेमतेमच येत होतं.

"बेटा, हे करून करायचं का हाय?"

मी चौकीदार, टेंभरं, विसरले म्हटलं ते, सगळं सांगून टाकलं. त्यांनी समोरचं उघडं घड्याळ वाटीने झाकलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. तू वाच, मी दाबतो."

रूट झालं. फॉन्टची फाइल आत गेली. फोन बंद करून चालू केला आणि तो कंपनीच्या नावावर अडकला. नाव उजळायचं, विझायचं, पुन्हा उजळायचं. बॅटरी काढून घातली तरी तेच. चाचा म्हणाले, सगळं पुसून नव्याने भरलं तर फोन वाचेल. पण पुसलं म्हणजे बाबांचे मेसेजही जाणार होते. एकही वाचला नव्हता आणि आता ते जाऊ नयेत म्हणून मी रडकुंडीला आले होते.

"मंग थांब," चाचा म्हणाले. "घाई काऊन करतं? पुन्हा वाच. पहिल्यापासून."

मी वही पुन्हा वाचली. सातव्या पायरीखाली बारीक अक्षरात मीच लिहिलं होतं: फाइलला वाचायची परवानगी द्यावी. ती द्यायची राहून गेली होती. फोन नावावर अडकला असला तरी केबलमधून कॉम्प्युटरला दिसत होता. मी एकेक अक्षर सांगत गेले, चाचा एका बोटाने टाइप करत गेले. या वेळी नाव उजळलं, विझलं आणि पडदा उघडला.

मेसेज मराठीत होते. मराठी धड नव्हती. वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन उभ्या होत्या, जोडाक्षरं फुटली होती. बोबड्या पोराचं बोलणं समजून घ्यावं तसं वाचावं लागत होतं. मी सगळ्यात जुन्यापासून सुरुवात केली. आज धानाचा रोवणा सरला. मायचा पाय आता बरा हाय. लाल गायले गोऱ्हा झाला. तुये सर आज बाजारात दिसले, तुयी तारीफ करत होते. पाळीवर आलो होतो म्हणून लिहलं, काम काई नाई. चाचा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा रेडिओ उघडून पाठमोरे बसले आणि मी वाचून संपेपर्यंत वळले नाहीत.

त्याच दुपारी मी मराठी कीबोर्ड टाकून बाबांना पहिला मराठी मेसेज लिहिला. विसरले नव्हते, फोनला वाचताच येत नव्हतं, लाजेने खोटं बोलले. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं: मले वाटलंच होतं. तू विसरणारी नाई.

पुढे वर्षभर होस्टेलच्या फोनांची मी डॉक्टरीण झाले. कुणाला नवा फॉन्ट हवा असायचा, कुणाला कंपनीने भरलेली ॲप काढायची असायची. केबल घेऊन आम्ही चाचांकडे जायचो. दोन फोन आमच्या हातून कायमचे गेले. त्यातल्या एका फोनच्या मालकिणीने माझ्याशी शेवटच्या वर्षापर्यंत बोलणं टाकलं. मग नव्या फोनांत मराठी आपोआप येऊ लागली आणि माझी वही कुठे गेली तेही आठवत नाही. चाचा आता थकलेत. दुकानात त्यांची मुलगी बसते, मोबाइलच्या काचा आणि कव्हरं विकते. मी गेले की मात्र ते आतून उठून येतात.

मागच्या दिवाळीत बाबांना स्मार्टफोन घेऊन दिला आणि हौसेने तो पूर्ण मराठीत करून ठेवला. दोन दिवसांनी त्यांचा कॉल आला.

"बाई, 'अधिसूचना' म्हणजे का?"

मी सांगितलं, नोटिफिकेशन, म्हणजे काही आलं की फोन देतो ती खबर.

"मंग तसं लिहाचं ना. हे कोनाची मराठी हाय?"

आता ते लिहीत नाहीत, बटन दाबून धरतात आणि बोलतात. बोलता बोलता बैलांना हाकतात, कुणाला तरी रामराम घालतात, आणि जे मला सांगायला बटन दाबलेलं असतं ते बहुतेक वेळा राहूनच जातं.